आवाज येतोय, मॅडम

भारत मालकांच्या कारखान्यात एक रीत पडून गेली होती. संगप्पासमोर काही खासगी बोलायचं असेल तर तोंडावर हात धरायचा.

अठरा माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलेलंही पोचत नाही. मागवाले ओठांनी बोलतात, बोटांनी बोलतात. ते सगळ्यांनाच येतं. पण संगप्पाची गोष्ट वेगळी होती. आपल्या दोन मागांच्या मधे उभा राहून तो पार दाराजवळ मालक पाहुण्यांशी काय बोलतायत ते सांगायचा. एकदा माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला दुसऱ्या कारखान्यात पाठवायचं मालकांच्या मनात आलं. चहाच्या सुट्टीपर्यंत ते जॉबरसकट सगळ्यांना ठाऊक झालं.

"ह्याचे कान लई तिखट हायत बे," जॉबर म्हणाला.

सगळे हसले. संगप्पाही हसला. त्याच्या कानांत तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी तो मागावर उभा राहिला. बारावीचा निकाल हातात होता आणि वडील अंथरुणावर. त्याला बावीस वर्षं झाली. ऐकू येणं एका दिवसात गेलं नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मग दाराची कडी. मग पाठीमागून मारलेली हाक. समोर बसून बोललेलं मात्र सगळं कळायचं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कितीतरी घरांत माणसं तशीच बोलतात. त्याची बायको नीलम्मा काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून त्याच्यापुढे येऊन उभी राहायची. तिची आईही तिच्या वडिलांशी तशीच बोलायची. बहिरा हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. बहिरा म्हणजे ज्याच्याशी लोक बोलायचं सोडून देतात तो. संगप्पाशी तर सगळे बोलत होते.

अडतिसाव्या वर्षी त्याने बीएला नाव घातलं. त्याला कारण मालकच. ऑफिसात बसणारे वीरभद्रप्पा थकले होते. एक दिवस मालक म्हणाले, "तू बारावी झालायस न्हवं? बीए हो. वीरभद्रप्पा उठले की त्या खुर्चीत तू."

मालकांनी सहज म्हटलं असेल. संगप्पाने ते मनावर घेतलं. मागवाल्याचे पाय पन्नाशीच्या आत जातात, हे त्याने घरातच पाहिलं होतं. ऑफिसात खुर्ची होती, पंखा होता. आणि टेबलावर फोन होता. त्या फोनची त्याला भीती वाटायची. पुढचं पुढे बघू, असं त्याने ठरवलं. पण एक गोष्ट मनाशी पक्की बांधली. आपले कान गेलेत हे मालकांपर्यंत जाता कामा नये. ऐकू न येणाऱ्याला फोनापुढे कोण बसवेल?

त्याने कायमची रातपाळी मागून घेतली. सकाळी सातला सुटायचा, आंघोळ करून कॉलेजात जायचा आणि पहिल्या बाकावर बसायचा. शिकवणाऱ्याच्या तोंडावरून त्याची नजर हलायची नाही. शेजारी अमृत बसायचा, वयाने त्याच्या निम्मा. अण्णा मास्तरांकडे देवाकडं बघितल्यासारखं बघतात, असं तो घरी जाऊन सांगायचा. दोन वर्षं एका बाकावर काढूनही त्याला दुसरी शंका आली नाही. तिसऱ्या वर्षी दोघांचे विषय वेगळे झाले. अमृत मराठी घेऊन बीए झाला आणि एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागला. तरी दर रविवारी तो अण्णांकडे चहाला यायचा.

संगप्पाचेही बाकी सगळे पेपर सुटले. इतिहासाचा शेवटचा राहिला. त्या पेपरच्या दिवशी सकाळी त्याची आई केराबाई वारली. तो पेपरला गेला नाही.

मार्चमध्ये कॉलेजची सूचना आली. राहिलेल्या विषयांचे वर्ग उन्हाळ्यात होतील. ऑनलाइन. पंधरा एप्रिलपासून मेअखेर, सकाळी साडेनऊला. पंच्याहत्तर टक्के हजेरी असेल त्यालाच जूनमध्ये परीक्षेला बसता येईल.

अमृतनेच फॉर्म भरला. मोबाईलवर अॅप घालून दिलं, स्वतःचे इअरफोन दिले.

"बघा अण्णा, बनियनवर बसून कॉलेज. आमच्या नशिबी न्हवतं हे."

"बनियनवर न्हाय बसणार बे," संगप्पा म्हणाला. "मॅडम हायत."

पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. मुलगी सुट्टीला अक्कलकोटकडे आजोळी गेली होती, त्यामुळे खोली मोकळी होती. त्याने फोन डब्याला टेकवून ठेवला. कॅमेरा चालू केला. सूचनेत तसं लिहिलं होतं. पडद्यावर चौकोन उमटत गेले, कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. वरच्या चौकोनात इतिहासाच्या नव्या बिराजदार मॅडमचं नाव होतं आणि गोलात एक अक्षर. मॅडम सुट्टीत माळशिरसला सासरी होत्या. तिथे नेट जेमतेम, म्हणून त्यांनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता. पडद्यावर चार ओळी आल्या. त्यांच्या मागे कुठेतरी मॅडम बोलत होत्या.

संगप्पाने इअरफोन कानात खुपसले. आवाज पूर्ण वाढवला. लांबच्या विहिरीवर मोटर चालावी तसं काहीतरी येत राहिलं. त्याने चेहऱ्याची वाट पाहिली. आज नाही तर उद्या दिसेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशीही दिसला नाही. आठवड्यातही नाही.

रविवारी अमृतने विचारलं, "जमतंय का अण्णा?"

त्या वेळी सांगता आलं असतं. अमृत समोर बसला होता, हातात बशी होती. पण इतक्या हौसेने त्याने सगळं जोडून दिलं होतं.

"जमतंय की," संगप्पा म्हणाला.

एकदा असं म्हटल्यावर पुढच्या रविवारी वेगळं सांगणं अवघड झालं.

पण तो हुशार होता. वर्गाची चाल त्याने ओठांसारखीच वाचून काढली. मॅडम आल्या की अर्ध्या मिनिटाने खाली ओळी पडायला लागायच्या. येस मॅडम. येतोय मॅडम. म्हणजे मॅडम आवाजाचं विचारत असणार. मग तोही लिहायला लागला, 'आवाज येतोय, मॅडम.' पुढे पुढे तो सगळ्यांच्या आधी लिहायचा. पडद्यावरच्या चार ओळी तो वहीत उतरवायचा. त्यांच्याखाली आपल्या मनाने लिहायचा, मॅडम ह्यावर काय म्हणत असतील ते. रात्रभर उभं राहून आलेला माणूस. डोळे लाल व्हायचे. पण मान कधी खाली गेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'संगप्पा रातपाळी करून कॅमेरा चालू ठेवतात, पूर्ण वेळ लिहून घेतात. बाकीच्यांनी शिकावं.' नीलम्माने तो मेसेज त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला.

मे उजाडला आणि ती सकाळ आली.

मॅडमचं नाव पडद्यावर उमटलं. संगप्पाने सवयीने लिहिलं, 'आवाज येतोय, मॅडम.' पडद्यावर शिकवायच्या चार ओळी आल्या. त्याने वही उघडली. पन्नास मिनिटं तो लिहीत राहिला. त्या दिवशी मॅडमचा माइकच बंद होता. दोघातिघांनी आवाज नाही असं लिहिलंही, पण ते खूप नंतर, आणि तोवर संगप्पाचे डोळे वहीत होते, मॅडमचं लक्ष पडद्यावरच्या आपल्या ओळींवर. बाकीचे फोन चालू ठेवून झोपले होते, नाहीतर आमरसाला बसले होते. मॅडमना एकच माणूस दिसत होता. तो मान हलवत होता आणि लिहून घेत होता.

दुपारी ग्रुपवर मेसेज आला.

'आज माझा माइक बंद होता हे मला आत्ता कळलं. पन्नास मिनिटं मी भिंतीशी बोलले. आवाज येतोय असं संगप्पांनी सगळ्यात आधी लिहिलं, म्हणून मी पुढे गेले. संगप्पा, तुम्ही शेवटपर्यंत वहीत लिहीत होतात. मी बघत होते. काय लिहीत होतात?'

संगप्पा झोपेतून उठला होता. त्याने तो मेसेज वाचला. त्याने लिहिलं, 'मॅडम, मला ऐकू'. तिथे अंगठा थांबला. ग्रुपमध्ये चौतीस जण होते. त्यांत पिंकी होती, आणि पिंकी म्हणजे जॉबरची मुलगी. संध्याकाळी ते जॉबरला कळलं असतं आणि सकाळी मालकांना. त्याने अक्षरं पुसली.

एकट्या मॅडमना वेगळं लिहिता आलं असतं. ते त्याला सुचलंही. तेवढ्यात फोन हातात थरथरला. मॅडमच फोन करत होत्या. त्यांना रागवायचं होतं की समजून घ्यायचं होतं, कोण जाणे. संगप्पा फोन हातात धरून तो थरथरायचा थांबेपर्यंत बघत राहिला. मग ग्रुपवर लिहिलं, 'मॅडम माफ करा. मी दुसरंच लिहीत होतो. वर्गाकडं लक्ष नव्हतं. आवाजाचं रोज लिहितो तसं लिहिलं.'

खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला. मग आणखी तिघांनी.

बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा त्याने कामचुकार म्हणवून घेतलं. त्याला वाटलं, निभावलं.

मॅडमच्या मनाला ते लागलं होतं. ज्याचं कौतुक केलं त्यानेच तोंडघशी पाडलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हजेरीची पद्धत बदलली. नावं दिसतात म्हणून हजर धरणार नाही. शिकवता शिकवता मधेच नाव घेऊन प्रश्न विचारीन, उत्तर देईल तो हजर. हे त्यांनी वर्गात तोंडाने सांगितलं. लिहून टाकलं नाही.

संगप्पा रोज बसला. इस्त्रीचा शर्ट, वही, लाल डोळे. एकदा खाली पिंकीची ओळ आली, 'काका, मॅडम तुम्हाला विचारतायत.' त्याने घाईघाईने माइक चालू केला आणि म्हणाला, "होय मॅडम." प्रश्न काय होता ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यानंतर पिंकीनेही काही लिहिलं नाही.

मे संपला. परीक्षेला बसू शकणाऱ्यांची यादी ग्रुपवर आली. सव्वीस नावं होती. संगप्पाने ती वरून खाली वाचली, मग खालून वर. मग फोन नीलम्माच्या हातात दिला, जणू तिला अक्षरं जास्त नीट दिसणार होती.

अमृत रविवारपर्यंत थांबला नाही. छापखान्यातून सुटून तसाच आला.

"एकही दिवस बुडवला न्हाय तुमी. रोज बसलाय. मग हजेरी अशी कशी? मी फोन लावतो मॅडमना."

"नको."

"का नको? अन्याय हाय हा."

नीलम्मा भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "हजेरी द्यायला ऐकू तर यायला पायजे की."

अमृत तिच्याकडे वळला. "म्हंजे?"

"त्यास्नी फोनातलं कुटं ऐकू येतंय? तोंड दिसलं तर कळतं. तुला ठाव न्हाय?" तिला खरोखरच नवल वाटलं. "मला वाटलं, ह्ये लिवायचं कॉलेज हाय."

अमृत खाली बसला. दोन वर्षं एका बाकावर. त्याने किती वेळा वहीत डोकं घालून अण्णांना काहीतरी विचारलं होतं आणि अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. अण्णा विचारात असतात, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पुस्तकांतली माणसं वाचून त्याने परीक्षा दिल्या होत्या, शेजारचा माणूस मात्र वाचला नव्हता. त्याने संगप्पाचा फोन घेतला, आत काहीतरी शोधलं, एक खूण दाबली आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"अण्णा, तुम्ही मला का नाही सांगितलं," तो म्हणाला.

पडद्यावर अक्षरं उमटली. अण्णा तुम्ही मला का नाही सांगितलं.

संगप्पा बघत राहिला.

"बोललेलं लिहून येतं," अमृत म्हणाला, आणि तेही लिहून आलं. "मराठीत येतं. एका मिनिटाचं काम होतं. पहिल्याच दिवशी करून दिलं असतं."

नीलम्मा पिठाच्या हाताने पुढे आली आणि वाकून बघू लागली. तिला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. ती परत चुलीकडे गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडम सोलापूरला परतल्या. संगप्पा कॉलेजात गेला. अमृत सोबत येतो म्हणाला, त्याला त्याने दाराबाहेर थांबवलं. आत जाऊन त्याने वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच सांगत होता. फार वेळ लागला नाही.

मॅडमनी त्याला बसायला सांगितलं. मग त्या बोलायला लागल्या. त्यांचे ओठ स्वच्छ होते. एक शब्द निसटला नाही. हा चेहरा पहिल्या दिवशी दिसला असता तर एवढा पेपर सहज सुटला असता. हे उमगल्यावर त्याला जास्तच वाईट वाटलं.

"मला वाटलं तुम्ही माझी चेष्टा करताय."

"व्हय मॅडम. मीच वाटू दिलं तसं."

त्यांनी वही उघडली. बरीच पानं चाळली. एका पानावर थांबल्या. "हे मी शिकवलेलं नाही."

"न्हाय. मला वाटलं, तुमी असं म्हणत असाल."

मॅडमनी वाचलं. गिरण्यांबद्दलच्या ओळींखाली त्याने लिहिलं होतं की गिरणीचा भोंगा झाला की गावाला वेळ कळायची, पण आतल्या माणसाला भोंगा हळूहळू ऐकू येईनासा व्हायचा. त्या पानावर त्यांचा हात बराच वेळ राहिला.

"एक ओळ लिहायची होती तुम्ही मला," त्या म्हणाल्या. "फक्त मला."

"व्हय."

त्यांनी अर्ज लिहिला. स्वतः प्राचार्यांकडे नेला. यादी विद्यापीठात गेली होती, नाव आता घालता येत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात असे वर्ग झाले तर बसता येईल. होतील की नाही, ते कुणी सांगू शकत नव्हतं. अमृतने दोन दिवस चार ठिकाणी खेटे घातले. सगळीकडे तेच उत्तर मिळालं. पेपर ठरल्या तारखेला झाला. संगप्पा त्या दिवशी झोपला नाही, घराबाहेरही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याला ऑफिसच्या पायरीवर गाठलं. आतला पंखा चालू होता. वीरभद्रप्पांच्या खुर्चीत एक नवा तरुण बसला होता.

"निकाल कधी हाय तुझा?" मालकांनी विचारलं.

"पेपरला बसलो न्हाय मालक." मग तो म्हणाला, "आनि एक सांगायचं हाय. मला ऐकू येत न्हाय. तोंड बघून कळतं, तेवढंच."

मालकांना काही धक्का बसलेला दिसला नाही.

"ठाव हाय की. आट-धा वर्सं झाली."

संगप्पाला आधी वाटलं, ओठ वाचण्यात चूक झाली. "मग बोलला न्हाईत कधी?"

"तू लपवत हुतास. म्हटलं, र्‍हाऊ दे त्याच्या मनासारखं. कारखाना माझा हाय बे. हितं बावीस वर्सं काढून कुणाला ऐकू येतंय?"

"मग फोन? ऑफिसात फोन उचलावा लागतोय."

"वीरभद्रप्पा तरी कुटं उचलत हुता. मोबाईलवर लिवून येतंय सगळं आता." मालकांनी आतल्या तरुणाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला असावा, कारण त्यांचे ओठ जेमतेम हलले. "ह्यो मेव्हण्याचा पोरगा. सोमवारी बसवला. घरातनं लई जोर लावला. तुझ्या हातात कागद असता तर मला तोंड हुतं बोलायला."

संगप्पाने मान हलवली. आत मागांचा दणका चालू होता. तो कानांना कळत नव्हता, पायांना कळत होता.

"उद्यापासनं दिवसपाळीला ये," मालक म्हणाले. "सकाळ मोकळी ठिवायचं कारण र्‍हायलं न्हाय आता."

उजेड स्वच्छ होता आणि मालक समोरच उभे होते. संगप्पाला सगळं नीट कळलं होतं. तरी तो तसाच त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, कळलं नाही असं दाखवत, त्यांनी आणखी एकदा, जमलं तर वेगळं, सांगावं म्हणून.